पहिल्या मिनिटाचे गुण

बाळ जन्मतं तेव्हा गुलाबी नसतं. कॅलेंडरवरच्या बाळासारखं तर ते मुळीच दिसत नाही. अंगावर पांढरा चिकट लेप, केस कपाळाला डसलेले, डोकं वाटेत दबून जरा लांबोळकं झालेलं, आणि रंग अर्धवट पिकल्या जांभळाचा. लेबर रूममध्ये नव्याने आलेल्या शिकाऊ मुली हा रंग बघून दचकतात. त्यांना सांगावं लागतं, अगं, हा आजार नव्हे. नऊ महिने पाण्यात राहिलेल्या जिवाचा हा रंग आहे. हवेचा रंग चढायला थोडा वेळ लागतो.

पोटात असताना त्याला प्राणवायू आपल्यापेक्षा कमीच मिळतो आणि तेवढ्यावर त्याचं उत्तम चालतं. जन्मल्यावर पहिल्या मिनिटाला अगदी धडधाकट बाळाच्या रक्तातही प्राणवायूची पातळी 60 ते 65 टक्क्यांच्या आसपास असते. पाचव्या मिनिटाला ती 80 ते 85 पर्यंत येते आणि पंच्याऐंशी-नव्वदीची चढण चढायला दहा मिनिटंही लागू शकतात. करोनात घरोघरी ऑक्सिमीटर आले, आकडा 94 च्या खाली घसरला की माणसं गाडी काढत होती. त्याच माणसांनी आयुष्याची सुरुवात साठीत केलेली आहे. माझी नोकरी या दहा मिनिटांत गेली असं म्हटलं तरी चालेल. घाटाखालच्या तालुक्याच्या गावी सरकारी दवाखाना, त्यात लेबर रूम, तिच्यात दोन टेबलं, आणि भिंतीवर एक मोठं घड्याळ.

त्या दहा मिनिटांत शरीरात जे घडतं ते पुन्हा आयुष्यात कधी घडत नाही. गर्भाची फुप्फुसं स्वतःच पाझरवलेल्या पाण्याने भरलेली असतात. रक्त तिकडे फारसं फिरकतच नाही. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या एका झडपेतून आणि मोठ्या वाहिन्यांना जोडणाऱ्या एका आडवाटेने ते परस्पर निघून जातं. श्वासाचं सगळं काम वार सांभाळते. मग एकाएकी गार हवा लागते, नाळेचा आधार सुटू लागतो आणि बाळ पहिला श्वास ओढतं. ओल्या, मिटलेल्या असंख्य पिशव्या उघडायच्या असतात, त्याला जोर लागतो. फुप्फुसातलं पाणी मागे हटत शोषलं जातं, तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्ताला नवी वाट मिळते, झडप दाबून बंद होते आणि आडवाट आक्रसू लागते. अख्ख्या रक्ताभिसरणाचा नकाशा काही मिनिटांत बदलतो. टेबलाशी उभ्या असलेल्या आम्हाला त्यातलं ऐकू येतं ते एवढंच, ट्यँहाँ!

आतलं काही दिसत नाही, म्हणून बाहेरच्या पाच खुणा वाचायच्या. बोटं आधी जातात नाळेच्या बुंध्याशी. अंगठा आणि तर्जनीत बुंधा धरला की ठोका थेट बोटांना लागतो. आमच्याकडची रीत अशी, की जिच्या बोटांत नाळ आहे तिने दुसऱ्या हाताचं बोट त्याच लयीत हवेत नाचवायचं, म्हणजे न बोलता सगळ्या खोलीला ठोका दिसतो. सहा सेकंद मोजायचे, दहाने गुणायचं. शंभर किंवा वर असेल तर दोन गुण, खाली असेल तर एक, लागलाच नाही तर शून्य. मग श्वास. खणखणीत रडलं तर दोन, अडखळत, विव्हळत, मध्येच थांबत घेत असेल तर एक. नाकातोंडात नळी घातली किंवा तळव्यावर टिचकी मारली तर ते शिंकतं, खोकतं, रागावून रडतं का, की नुसतंच तोंड वाकडं करतं? त्याचेही दोन आणि एक. चौथी खूण अंगातला ताठरपणा, पाचवी रंग. पाच दुणे दहा.

यातली चौथी खूण मला सगळ्यांत बोलकी वाटते. धडधाकट बाळ मिटलेलं असतं. कोपर, गुडघे, मुठी, सगळं आत दुमडलेलं. त्याचा हात सरळ करावा आणि सोडावा, तो आपण होऊन परत जागेवर जातो, जणू इतके महिने सांभाळलेली घडी कोणी मोडलेली त्याला खपत नाही. ज्याच्यात जोर नाही त्याचे हातपाय ठेवाल तिथे पडून राहतात. घड्याळ बघायच्या आधीच हातांना कळतं, की एक बाळ हातात मावतं आणि दुसरं हातातून सांडतं.

हे गुणपत्रक जिने मांडलं ती बाळांची डॉक्टर नव्हती. व्हर्जिनिया अ‍ॅपगार भूल देणारी डॉक्टर होती. 1909 मध्ये न्यू जर्सीतल्या वेस्टफील्ड गावी जन्मली, 1933 मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाली. तिला सर्जन व्हायचं होतं आणि त्याचं शिक्षणही तिने सुरू केलं होतं. पण सर्जन बाईला त्या मंदीच्या काळात काम कोण देणार, असा विचार करून तिच्याच वरिष्ठांनी, अ‍ॅलन व्हिपल यांनी, तिला भूलशास्त्राकडे वळवलं. त्या वळणाने सगळ्या जगाचं भलं झालं. बाळंतिणीला भूल देणाऱ्याला एक प्रश्न सतत छळतो. आईला दिलेलं औषध नाळेतून बाळापर्यंत किती पोचलं? याचं उत्तर हवं तर बाळाकडे नीट पाहायला हवं, आणि नेमकं ते कोणी पाहायचं हे त्या काळी ठरलेलंच नव्हतं. प्रसूती करणारा डॉक्टर आईपाशी अडकलेला, भूल देणारा आईच्या उशाशी, आणि बाळ कोणाच्या तरी हातात.

गोष्ट अशी सांगतात, की 1949 च्या सुमारास इस्पितळाच्या कँटीनमध्ये एका विद्यार्थ्याने तिला विचारलं, नवजात बाळाची तपासणी झटपट कशी करायची? तिने हाताला लागलेल्या कागदाच्या चिटोऱ्यावर पाच गोष्टी लिहिल्या आणि त्या करून पाहायला थेट प्रसूतिकक्षाकडे चालू लागली. 1952 मध्ये भूलतज्ज्ञांच्या परिषदेत तिने ही पद्धत मांडली, 1953 मध्ये ती छापून आली. पुढे 1962 मध्ये एका बालरोगतज्ज्ञाने पाच खुणांची इंग्रजी नावं अशी जुळवली, की त्यांच्या आद्याक्षरांतून तिचंच आडनाव तयार व्हावं. आता कितीतरी शिकणाऱ्यांना वाटतं, की अ‍ॅपगार हे अक्षरांचं जुळवलेलं कोडं आहे आणि त्या नावाची बाई कधी नव्हतीच. मला मात्र ती बाई फार आवडते. ती तंतुवाद्यं वाजवायची आणि पुढे स्वतः घडवायलाही शिकली. इस्पितळातल्या टेलिफोन बूथमध्ये मेपलची एक देखणी फळी होती. व्हियोलाच्या पाठीसाठी अगदी हवी तशी. तिने मैत्रिणीच्या मदतीने रात्री ती हळूच काढून नेली आणि जागी दुसरी बसवली. लाकूड काय सूर देईल हे पाहून ओळखणारी ती बाई. बाळाच्या रडण्यातला पोकळ सूर तिला कळला असेल यात नवल नाही.

तिच्या पाच खुणांकडे मी जितकं पाहते तितकं मला त्यांत काय नाही याचं अप्रूप वाटतं. लेबर रूमच्या दाराबाहेर प्रश्न ठरलेले असतात. बाळ रडलं का? हा एकच प्रश्न आतल्या-बाहेरच्यांचा सारखा. त्याच्या पाठोपाठ येतो, काय झालं? म्हणजे पेढे आणायचे की बर्फी. मग कोणीतरी आजोबा डायरी उघडून पुढे होतात, टाइम सांगा, सिस्टर, सेकंदासकट. आणि बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर नेलं, की आत्या वाकून बघते आणि म्हणते, रंग आपल्या घरातला वाटत नाही. आमच्या कागदावर मुलगा-मुलगी हा गुण नाही. गोरा-सावळा हाही नाही. रंगाचा गुण आहे, पण तो कातडीखाली वाहणाऱ्या रक्ताचा. सावळ्या बाळाचा रंग आम्ही ओठांवर, जिभेवर, तळहातांवर पाहतो. गावात सर्वांत आधी विचारल्या जाणाऱ्या गोष्टींना ज्या गुणपत्रकात घर नाही, ते मला आमच्या दवाखान्यातला सर्वांत शहाणा कागद वाटायचा.

रंगाचा गुण तसा लबाडच. स्वतः अ‍ॅपगार यांनी पहिल्याच लेखात लिहून ठेवलं होतं, की पाचांतली सर्वांत असमाधानकारक खूण ही, आणि पाहणाऱ्यांत सगळ्यांत जास्त वाद हिच्यावरून झाले. छाती गुलाबी झाली तरी हातपायांची टोकं बराच वेळ निळसर राहतात आणि ते अगदी साहजिक असतं. म्हणून पहिल्या मिनिटाला दहापैकी दहा फार थोड्या बाळांना मिळतात. नऊ झाले तर आम्ही निर्धास्त. पण पहिल्या नंबराची सवय असलेली घरं आपल्याकडे थोडी नाहीत. केसपेपर वाचता येणारा एखादा बाप हळूच येऊन विचारायचा, मॅडम, एक कुठे गेला? त्याला दुपटं सारून चिमुकल्या पावलांची निळी बोटं दाखवली, की तो हसायचा. एरवी सातापासून दहापर्यंत सगळे पास, चार ते सहा असतील तर लक्ष ठेवा, तिनापर्यंत असतील तर धावपळ.

खरं तर धावपळ गुण मोजायला थांबत नाही. शंभरातली पंच्याऐंशी बाळं अर्ध्या मिनिटाच्या आत आपणच श्वास घेतात. आणखी दहांना नीट पुसलं, पाठीवरून हात फिरवला, तळव्यावर टिचकी मारली, की आठवतं. पाचेक उरतात, त्यांना तोंडावर मास्क लावून पिशवीने हवा द्यावी लागते, तीही पहिलं मिनिट सरायच्या आत. त्या मिनिटाला सोन्याचं मिनिट म्हणतात. केंद्र सरकारने 2009 मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या बायकांना रबरी बाहुलीवर हे शिकवलं. मान किंचित मागे, मास्क घट्ट, आणि तोंडाने मोजत राहायचं, दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन. त्याआधी बाळंतपणाच्या खोल्यांत पिशवी असली तरी ती कपाटात आणि किल्ली कोणाकडे तरी.

बाळ रडलं नाही तर काय करायचं हा प्रश्न अर्थातच फार जुना. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितलंय, बाळाच्या कानाशी दोन दगड एकमेकांवर वाजवावेत, तोंडावर गार किंवा कोमट पाण्याचे हबके मारावेत, सुपाने वारा घालावा, आणि त्याचा प्राण परत येईपर्यंत हे करत राहावं. आमच्या भागात सुइणी पितळेची थाळी वाजवायच्या. शिकलेल्या माणसांना याचं हसू येतं. मला येत नाही. कान, त्वचा, चेहरा, जिथून म्हणून झोपलेल्या जिवापर्यंत पोचता येईल तिथून हाक मारायची, एवढं त्या माणसांना कळलं होतं. हवा आतपर्यंत पोचवायची युक्ती तेवढी त्यांच्या हाती नव्हती. ती खेड्यातल्या बाईच्या हातात देता येते हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवलं. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी आरोग्यदूत केलं, 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली, आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. आज घरी बाळंतपण झालं तर आशाताई काय पाहते? बाळ रडतं का, श्वास घेतं का, हातपाय हलवतं का. कँटीनमधला तो चिटोराच आहे हा, अधिक साधा झालेला.

एका पावसाळी रात्रीचं सांगते. वरच्या वाडीवरची पोर, पहिलटकरीण, जीपमधून आणलेली. ओढ्याला पाणी आल्यामुळे पलीकडे बराच वेळ थांबलेली. वीज गेलेली, जनरेटरवर एक वॉर्मर आणि एक दिवा. बाळ झालं ते कणकेच्या पांढऱ्या रंगाकडे झुकणारं, हातातून सांडणारं. नाळेचा ठोका होता, पण माझं हवेतलं बोट फारच सावकाश हलत होतं. पुसलं, पाठ चोळली, काही नाही. मास्क लावला. दाब, दोन, तीन. छाती वर आली, म्हणजे हवा जाते आहे. अशा वेळी बाळाच्या तोंडाकडे बघवत नाही, म्हणून छातीकडेच बघायचं असतं. कोपऱ्यात मावशी न सांगता गरम दुपटी बदलत होती. मग नाळेवरची माझी बोटं आधी हसली. ठोका एकदम पळायला लागला होता. श्वासाच्या आधी नेहमी हृदय सुधारतं. त्यानंतर छातीच्या मधून गुलाबी रंग पसरत निघाला, ओठ, गाल, कान, आणि शेवटी, आम्ही किती उशीर केला म्हणून रागावल्यागत, ते रडलं. बाहेर आजी उठून उभी राहिली होती. काय झालं, म्हणाली. इन्चार्ज सिस्टरने सांगितलं, बाळ झालं. आजीनेही त्या रात्री पुढचा प्रश्न विचारला नाही.

त्या बाळाच्या कागदावर दोन चौकोन भरले गेले. पहिल्या मिनिटाला तीन, पाचव्या मिनिटाला आठ. पुढे काय होणार याचा अंदाज त्यातून बांधायचा नसतो. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी बजावून सांगितलंय, की या आकड्यांवरून एखाद्या मुलाच्या बुद्धीचं किंवा वाढीचं भाकीत करू नये. अपुऱ्या दिवसांचं बाळ मुळात कमी ताठर असतं, आईला दिलेल्या औषधाने बाळ सुस्तावतं, गुण कमी होतात आणि मूल पुढे खुशाल झाडावर चढतं. आपल्याकडे नवजात बाळाबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक उद्याबद्दल असतं. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंट्याशेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन कपाळी लिहून जाईल म्हणून. डायरीवाले आजोबा त्याच सुमारास ग्रह मांडत असतात. अ‍ॅपगारबाईंच्या आकड्याला उद्याशी देणंघेणं नाही. त्याचा प्रश्न एवढाच, की या खोलीतल्या माणसांनी पुढच्या मिनिटात काय करायचं आहे? विधिलिखित म्हणून ज्याला हात लावायचा नसतो, त्याच्या अगदी शेजारी तो एक हात लावण्याजोगा आकडा ठेवून देतो.

म्हणून मला त्या कागदावरचे दोन चौकोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचे वाटत आलेत. पहिल्या मिनिटाचे गुण बाळाचे, ते ज्या वाटेने आलं त्या वाटेचे, ओढ्याच्या पाण्याचे, आईच्या पंडुरोगाचे, वेळेवर न मिळालेल्या जीपचे. पाचव्या मिनिटाचे आमचे. त्यात पिशवी कपाटाबाहेर होती की नाही ते येतं, दुपटी गरम होती का ते येतं, कोणी किंचाळत होतं की मोजत होतं तेही येतं. काही रात्री हे दुसरे गुण वाढले नाहीत. सगळं करूनही नाहीत. त्या रात्रींबद्दल मी शिकाऊ मुलींना एवढंच सांगायची, की आकडा खरा लिहा. प्रसूती करणाऱ्याने स्वतः गुण देऊ नयेत असं अ‍ॅपगार यांचं मत होतं. ज्याचा जीव निकालात अडकलाय त्याचा हात सैल सुटतो हे त्यांनी पाहिलं होतं. आमच्याकडे तिसरं माणूस नसायचंच. तेव्हा आपणच आपला पेपर तपासायचा आणि तरीही प्रामाणिक राहायचं, ही नोकरीतली सर्वांत अवघड गोष्ट होती.

आता निवृत्त झाल्यावर ओळखीच्या घरांतून फोन येतात. नातू झाला, नात झाली, आणि हल्ली खाजगी दवाखान्यांचे कागद घरी मिळत असल्यामुळे, नऊ गुण मिळाले हो, असंही अभिमानाने सांगतात. मी मनापासून आनंद मानते. मग विचारते, बाळाला घेतलं कोणी, पुसलं कोणी, सिस्टरांचं नाव काय? फोनवर जरा वेळ शोधाशोध होते. बहुतेक घरांत ते कोणाला ठाऊक नसतं. जन्मवेळ मात्र सेकंदासकट सांगतात.